शिडाची फळी आणि वाऱ्याचा हट्ट

कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाची होडी चालविणाऱ्या जुन्या तांडेलाला कोणत्या वाऱ्यात किती शीड ठेवावे हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. वारा वाढला की शीड आवरावे, पडला की मोकळे सोडावे, आणि तेवढ्यानेही भागेना तर होडी किनाऱ्याला लावून स्वस्थ बसावे, एवढे शास्त्र त्याच्या अंगात मुरलेले असे. होडी मात्र त्याची एकच असे. वाऱ्याप्रमाणे होडी बदलण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती, आणि तशी निकडही त्याला कधी भासली नाही. होडीला वजन असते, कणा असतो, सुकाणू असते. शिडाच्या बाबतीत झालेली चूक ती बरीचशी पोटात घालते.

ज्या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात, त्यातील शिडाच्या फळीला हा क्षमाशील स्वभाव ठाऊक नाही. एक फळी, तिच्यावर चहूकडे वळणाऱ्या सांध्यावर बसविलेली डोलकाठी, तिला बांधलेले शीड आणि ते शीड हातांनी पेलून उभा राहिलेला माणूस, एवढाच सारा पसारा. सुकाणू नाहीच. शीड पुढे कलते केले म्हणजे फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलते केले म्हणजे वाऱ्याकडे वळते. वारा शिडात भरतो, शिडातून माणसाच्या हातांत, हातांतून पायांत आणि पायांतून फळीत उतरतो. शीड आणि फळी यांचे परस्परांशी जमले नाही, तर त्या भांडणाचा सारा मार मधल्या माणसाला खावा लागतो. म्हणूनच या खेळाचा इतिहास हा बऱ्याच अंशी एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: कोणत्या वाऱ्यात, कोणत्या शिडाखाली, कोणती फळी?

हे साधन प्रथम कोणी शोधून काढले, याचे निर्विवाद उत्तर नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणारा न्यूमन डार्बी हा दुकानांच्या पाट्या रंगविणारा कारागीर होता. १९६४ साली त्याने एका चपट्या फळीवर पतंगाच्या आकाराचे शीड उभे केले. शिडाकडे पाठ करून उभे राहावयाचे आणि शीड कलते करून दिशा बदलावयाची, अशी त्याची योजना होती. 'पॉप्युलर सायन्स' या मासिकाच्या ऑगस्ट १९६५ च्या अंकात त्याने ती आकृत्यांसह प्रसिद्ध केली. भावांच्या मदतीने त्याने असल्या फळ्या विकण्याचाही उद्योग मांडला. परंतु गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही आणि तो उद्योग मिटला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६७ च्या मे महिन्यात, कॅलिफोर्नियातील मरीना डेल रे येथे जिम ड्रेक याने आपली शिडाची फळी पाण्यात उतरविली. ड्रेक हा विमानविद्येचा अभियंता. आकाशात अतिवेगाने जाणाऱ्या यानांच्या आखणीत मुरलेला. त्याचा सोबती हॉयल श्वाइट्झर हा लाटांवर फळी चालविण्याच्या खेळातला हौशी. या जोडीने शिडाच्या दोन्ही अंगांना धनुष्यासारखा वाकलेला दांडा बसविला, त्यामुळे माणसाला कोणत्याही बाजूने शीड समोर धरता येऊ लागले. २७ मार्च १९६८ रोजी दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ६ जानेवारी १९७० रोजी ते त्यांना मिळाले. मधल्या काळात, १९६९ साली, ड्रेकने या नव्या नौकानयनावर एक शास्त्रीय निबंधही वाचला. पुढे १९७३ साली त्याने पेटंटातील आपला वाटा ३६ हजार डॉलरना विकून टाकला. श्वाइट्झरने मात्र नोकरी सोडून त्याच धंद्यात उडी घेतली. पुढील दहा वर्षांत या खेळाने युरोपात जो पैसा खेळविला, तो पाहता हा सौदा अभियंत्याला फार महागात पडला असेच म्हणावे लागते.

त्यांची फळी एकच होती. लांबी १२ फूट, पोटात भरपूर हवा भरलेली, वर साडेपाच चौरस मीटरांच्या आसपासचे एकच शीड. पोटाखाली मध्यभागी एक मोठी उभी पात खोवलेली असे. वारा शिडाला आडवा ढकलू लागला की ही पात पाण्यात रुतून फळीला बाजूला वाहवत जाऊ देत नसे, त्यामुळे वाऱ्याच्या अंगावर तिरके जाता येई. मंद वाऱ्यात आणि सपाट पाण्यात ही रचना इतकी सोयीची होती की शिकाऊ माणूसही एका दिवसात सरोवर ओलांडू शके. शर्यतीत सर्वांकडे तीच फळी आणि तेच शीड, तेव्हा हार-जीत ठरे ती केवळ कसबावर. खेळाच्या दृष्टीने यात एक प्रकारचा न्याय होता. १९७० नंतरच्या दशकात नेदरलंड्समधील टेन केट या कापड गिरणीच्या कंपनीने परवाना घेऊन अशा फळ्या काढल्या आणि उत्तर युरोपातील तळी व खाड्या रंगीबेरंगी शिडांनी भरून गेल्या.

या एकफळी संसाराला पहिला तडा गेला तो हवाई बेटांत. ओआहू बेटावरील कायलुआच्या किनाऱ्यावर व्यापारी वारे दिवसचे दिवस जोराने वाहतात आणि लाटाही उंच असतात. तेथील तरुणांनी तीच १२ फुटी फळी त्या वाऱ्यात घातली, तेव्हा सरोवरात साधुवृत्तीने वागणारे ते साधन एकाएकी बेफाम झाले. वेग वाढताच पोटाखालची पात विमानाच्या पंखासारखी वर उचल देऊ लागे, फळीची एक कड पाण्याबाहेर येई आणि क्षणात सारे उलटेपालटे होई. मंद वाऱ्यात जी पात तारक, तीच जोराच्या वाऱ्यात मारक ठरली. तेव्हा लॅरी स्टॅन्ली, माइक हॉर्गन आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रथम पात कापून लहान केली, मग मागे झुकविली, आणि अखेरीस तिच्यावाचूनच भागविण्याचा मार्ग शोधला. १९७७ साली त्यांनी फळीवर पाय अडकविण्याचे पट्टे बसविले, म्हणून लाटेवरून उडी मारताना फळी पायांखालून निसटेनाशी झाली. याच कायलुआच्या पाण्यात वाढलेला रॉबी नेश १९७६ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, बहामा बेटांत जगज्जेता झाला होता. कारखानदारांच्या आधी फळीचा नवा आकार या पोरांना उमगला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कायलुआच्या मुलांना जे अनुभवाने कळले, त्याची उपपत्ती अशी. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १० सागरी मैलांचा वारा २० मैलांचा झाला म्हणजे त्याच शिडावरचा रेटा दुप्पट न होता चौपट होतो. म्हणून शीड लहान करणे प्राप्तच. परंतु शीड लहान करून काम संपत नाही. हलत्या फळीच्या दोन अवस्था असतात. सावकाश जाताना ती आर्किमिडीजच्या नियमाने तरंगते; ती जितके लिटर पाणी बाजूला सारील तितके किलो वजन पेलते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की मात्र ती पाण्यात तरंगत नाही, पाण्यावर घसरते. सपाट दगड तळ्याच्या पृष्ठभागावरून टप्पे खात जातो तशी. घसरत्या फळीला लांबी नको असते आणि फुगलेले पोटही नको असते. मोठे अंग लाटांवर आपटू लागते, वाऱ्याखाली उचलले जाते आणि पायांना जुमानत नाही. तेथे लहान, अरुंद फळीच आज्ञेत राहते.

यातून १९८० च्या सुमारास आखूड फळ्यांचे युग अवतरले. त्यांतील काही इतक्या लहान होत्या की माणूस वर उभा राहिला तर त्याच्यासकट बुडत. वारा शिडात भरून वेग आला तरच त्या माणसाला वर घेत. ७५ किलो वजनाच्या माणसाचा हिशोब केला तर त्याचे स्वतःचे वजन, फळी आणि शिडाचा सरंजाम व ओले कपडे मिळून ९५ किलोच्या घरात जातात. म्हणजे ९५ लिटरांची फळी त्याला जेमतेम पाण्यावर राखील आणि ७० लिटरांची फळी थांबताच पायांखालून बुडेल. अशा फळीवर उभे राहून दोरीने शीड उचलणे शक्यच नसते. पाण्यात पडल्यापडल्या शीड वाऱ्यात धरावे आणि वाऱ्यानेच आपणास उचलून फळीवर ठेवावे, ही नवी विद्या त्यासाठी निर्माण झाली.

येथे निवड हा हौसेचा विषय राहत नाही. ज्याला वाऱ्याने उचलून घेतले त्याला वारा मध्येच सोडूनही देतो. लहान फळी घेऊन किनाऱ्यापासून दूर गेलेल्या माणसाचा वारा पडला की तो छातीभर पाण्यात अडकतो. परतीचे साधन म्हणजे दोन हात. पश्चिम किनाऱ्यावर हा धोका सकाळी अधिक असतो, कारण मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि ऊन चढले की मरतो. दुपारचा खारा वारा निदान माणसाला किनाऱ्याकडे लोटतो. उलटपक्षी, लठ्ठ फळी आणि मोठे शीड घेऊन जोराच्या वाऱ्यात सापडलेल्याला शीड हातात धरवत नाही, आणि सोडले तर तो आपल्या मोठ्या फळीसह वाऱ्याबरोबर वाहत जातो. मासेमारीची होडी पोटात घालते ती चूक येथे माणसाला स्वतः पोहून फेडावी लागते.

अनुभवाने जे प्रमाण ठरले ते साधारण असे. मध्यम वजनाच्या, म्हणजे ७५ किलोच्या, सरावलेल्या माणसाला २५ मैलांच्या वाऱ्यात साडेचार चौरस मीटरांचे शीड पुरते आणि त्याखाली ७५ ते ९० लिटरांची, ५५ ते ६० सेंटिमीटर रुंदीची फळी शोभते. वारा १८-२० मैलांवर आला की शीड साडेपाच-सहा मीटरांचे आणि फळी १०० लिटरांच्या पुढची. १२ ते १५ मैलांच्या मध्यम वाऱ्यात साडेसात-आठ मीटरांचे शीड हवे, आणि ते पेलण्यास फळी ७५ सेंटिमीटरांहून रुंद हवी. रुंदीचे कारण नुसते तरंगणे नव्हे. मोठे शीड माणसाला वाऱ्याखाली खेचते. त्याला तोलण्यासाठी माणसाला आपले वजन फळीच्या मध्यरेषेपासून दूर, कडेवर टाकावे लागते, आणि कड दूर असेल तरच तराजूची दांडी लांब होते. शेपटीखालचा माशाच्या परासारखा फिनही त्याच मापाने बदलतो: लहान शिडाला वीतभर, मोठ्या शिडाला हातभर. नवशिक्याने या साऱ्या हिशोबात न पडता १५० लिटरांहून मोठी, रुंद फळी आणि लहानसे शीड घ्यावे. लवकर 'शर्यतीची' फळी घेण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि पुष्कळांचा उत्साह त्या मोहातच बुडतो.

इकडे फळ्यांचे असे पीक येत असताना तिकडे न्यायालयांत पेटंटाचा झगडा चालू होता. श्वाइट्झरच्या कंपनीने इंग्लंडमध्ये टाबुर मरीन या फ्रेंच कारखान्याविरुद्ध दावा लावला. तेव्हा पुरावा पुढे आला तो पीटर चिल्व्हर्स याचा. १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, या मुलाने हेलिंग बेटाजवळच्या पाण्यात शीड लावलेली घरगुती फळी चालविली होती. त्याच्या शिडाचे दांडे सरळ होते; पण वाऱ्याच्या ताणाने ते वाकत आणि धनुष्याचाच आकार घेत. मुलाचा एका उन्हाळ्यातील खेळ आणि डार्बीचा मासिकातील लेख या दोहोंच्या बळावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरविले. एखादी कल्पना जाणकाराला सहज सुचण्याजोगी होती की नाही हे तपासण्याच्या ज्या चार पायऱ्या त्या निकालात सांगितल्या, त्या इंग्लिश पेटंट कायद्यात प्रमाण मानल्या गेल्या. अमेरिकेत निकाल निराळा लागला. तेथे दुरुस्त केलेले पेटंट टिकले, परंतु 'विंडसर्फर' हे नाव सर्वसामान्य झाल्यामुळे त्यावरची मालकी गेली. गंमत अशी की, हे सारे भांडण झाले ते सांध्यावरून आणि दांड्यावरून. ज्या फळीच्या आकारावर पुढे सारा खेळ फिरला, तिचे अनंत आकार कोणालाच आपल्या नावावर करता आले नाहीत.

आखूड फळीची परिसीमा जुलै १९८६ मध्ये दिसली. कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेंतुरा येथे पास्काल माका या फ्रेंच खेळाडूने अत्यंत अरुंद फळीवरून ३८.८६ नॉटचा वेग गाठला आणि शिडाच्या सर्व प्रकारच्या जहाजांना मागे टाकले. तोवरचा ३६ नॉटचा उच्चांक 'क्रॉसबो' या प्रचंड दुहेरी नौकेचा होता. परंतु ती फळी घेऊन मंद वाऱ्याच्या खाडीत जाणारा मनुष्य किनाऱ्यावरच बसून राहिला असता.

ऑलिंपिकच्या व्यवस्थापकांपुढे नेमकी हीच अडचण होती. शर्यत ठरलेल्या दिवशी व्हावयाची, वारा मात्र कोणाचे वेळापत्रक पाळत नाही. म्हणून सर्व वाऱ्यांत चालेल अशी एकच फळी निवडणे त्यांना भाग होते. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तो 'विंडग्लायडर' या लांब फळीवर, आणि नेदरलंड्सचा स्टेफान व्हान डेन बर्ग पहिला सुवर्णविजेता ठरला. १९८८ व १९९२ साली गोल पोटाच्या 'लेखनर' फळ्या आल्या. महिलांसाठी स्वतंत्र शर्यत १९९२ पासून. १९९६ ते २००४ पर्यंत 'मिस्ट्रल' ही ३.७२ मीटर लांबीची फळी आणि ७.४ मीटरांचे शीड होते. सर्वांना एकच शीड देणे हा न्याय दिसतो खरा. पण मंद वाऱ्यात ५५ किलोच्या माणसाला जे शीड भरपूर, ते ८५ किलोच्या माणसाला अपुरे. शिवाय शीड हातांनी सारखे हलवून पंख्यासारखा वारा घालण्यास मुभा मिळाल्यावर मंद वाऱ्यातील शर्यत ही दमसासाची परीक्षा होऊन बसली. शर्यतीचे साधन निवडताना खेळाडूचा बांधाही निवडला जातो, हे समित्यांना उशिरा उमगले असावे.

यावर एक उपाय ज्याने सुचविला तो दुसरा तिसरा कोणी नसून खुद्द जिम ड्रेक. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, सत्तरीकडे झुकलेल्या ड्रेकने स्वेन रासमुसेन याच्या स्टारबोर्ड कंपनीबरोबर आखूड पण विलक्षण रुंद फळ्यांवर काम केले. या 'फॉर्म्युला' वर्गात रुंदी मीटरभर, फिन ७० सेंटिमीटरांचा आणि शीड साडेबारा चौरस मीटरांपर्यंत जाई. ७-८ मैलांच्या झुळकीतही त्या पाण्यावर घसरू लागत. एकच फळी सर्वांना पुरेल या समजुतीवर ज्याने खेळाचा पाया घातला, त्यानेच तीस वर्षांनी तिला आडवी वाढविली. ड्रेक २०१२ साली निवर्तला.

त्या रुंदीचा अर्धामुर्धा स्वीकार ऑलिंपिकने २००८ साली 'आरएस:एक्स' या फळीच्या रूपाने केला. ९३ सेंटिमीटर रुंदी, पुरुषांना साडेनऊ व महिलांना साडेआठ मीटरांचे शीड. आणि मंद वाऱ्यासाठी पोटाखालची पातही कायम. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी ही फळी जड होती आणि तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मे २०१२ मध्ये जागतिक संघटनेने विंडसर्फिंग वगळून त्याजागी पतंगाने ओढली जाणारी फळी आणण्याचे ठरविले. जगभरच्या खेळाडूंनी गिल्ला केला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो ठराव फिरविण्यात आला. दहा-दहा वर्षे एका फळीवर पाय घासलेल्या माणसांचे कसब त्या सहा महिन्यांत मतदानाच्या तराजूत लोंबकळत होते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मात्र बदल ठरलाच. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी 'आयक्यूफॉइल' निवडण्यात आली. या फळीखाली लांब दांड्याच्या टोकाला पंख असतात. वेग येताच ते फळीला पाण्याबाहेर उचलतात, म्हणून फळी किती लिटरांची हा जुना प्रश्न वर उठल्यावर जवळजवळ निरर्थक होतो. उरते ती रुंदी, पाय दूर टाकण्यासाठी. पन्नास वर्षांपूर्वी कायलुआच्या मुलांना पोटाखालच्या पातीने जी नकोशी उचल दिली होती, तीच येथे मुद्दाम बसवून घेतलेली आहे.

हा बदल होत असतानाच, सप्टेंबर २०२३ मध्ये, हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत आयक्यूफॉइल आणि आरएस:एक्स या दोन्ही फळ्यांच्या शर्यती ठेवल्या होत्या. भारताच्या इबाद अली याने पुरुषांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले ते आरएस:एक्सवर, म्हणजे ऑलिंपिकने निरोप दिलेल्या फळीवर. पुढच्या वर्षी मार्सेलच्या समुद्रात ऑलिंपिकची शर्यत झाली, तेव्हा तेथे ती फळी नव्हती.